आवुंछुंभाई

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर जयंत उकिडवे कठडा धरून उभे होते आणि रुमालानं तोंड पुसत होते. तेवढ्यात समोरच्या बिऱ्हाडातली रश्मी कॉलेजला निघालेली खाली उतरली, दोन पायऱ्या अलीकडे थबकली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "काका, कोणी गेलं का?" उकिडव्यांनी मानेनंच नाही म्हटलं. बोलायला श्वास शिल्लक नव्हता. तिला ती मान दुःखाच्या भरानं हललेली वाटली असावी, कारण उरलेले जिने ती चपलांचा आवाज न करता उतरली आणि संध्याकाळी तिच्या आईनं झाकून पिठलं-भात आणून दिला. मंगलाला, म्हणजे उकिडव्यांच्या पत्नीला, कळेना की बुधवारी पिठलं-भात कशाबद्दल. पण गरम होता, दोघांनी खाल्ला. दुसरा घास घेताना उकिडव्यांच्या ध्यानात आलं की हे सुतकाच्या घरी पाठवायचं जेवण आहे आणि आपण ते बहुधा स्वतःच्याच नावानं जेवतो आहोत. चव वाईट नव्हती. आपली धाप बाहेरच्याला रडण्यासारखी ऐकू येते ही गोष्ट माणसाला एक्कावन्नाव्या वर्षी, आणि तीही परक्याच्या मुलीकडून कळावी, याचंच त्यांना रात्रभर वाटत राहिलं. आतून ती धाप अगदी साधी वाटायची. आतून सगळंच साधं वाटतं.

डॉक्टर म्हणाले, "फरवा जाव, जयंतभाई. रोज चार किलोमीटर. सपाट जमीन, चढाव नहि." सपाट जमीन सुरतेत भरपूर होती. प्लेगनंतरच्या दोन-तीन वर्षांत शहर इतकं धुऊन-पुसून काढलं होतं की फूटपाथ नावाची वस्तूसुद्धा सापडली होती. पण त्या फूटपाथवर माणसं होती आणि उकिडवे बावीस वर्षं सुरतेत बँकेत होते. चौपाटीच्या बागेत पहिल्याच फेरीत एकानं लॉकरची चावी हरवल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं सही जुळत नसल्याची तक्रार केली, तिसऱ्यानं काहीही न विचारता दंडाला धरून लोचो नावाच्या वाफवलेल्या फरसाणाच्या दुकानात नेलं. सुरतेत सकाळी चालणारे सगळेच शेवटी लोच्याच्या दिशेनं चालतात. तिथे तेल घालून, कांदा-शेव पेरून तो खातात आणि रिक्षानं घरी येतात. महिन्याभरात उकिडव्यांचं वजन दोन किलोनं वाढलं. त्यांना अशी जमीन हवी होती जिथे चढ नाही आणि ओळखीचा माणूसही नाही.

ती सुकलालनं सुचवली. सुकलाल बँकेतला शिपाई, अमळनेरकडचा, गोडादऱ्यात राहणारा, आणि चालणं हे औषध आहे ही बातमी त्याला पहिल्यांदाच कळत होती. "मना बाप रोज सहा कोस चाले, साहेब," तो म्हणाला, "त्याले कोनी डाक्टरनी सांगेल नव्हतं. सांगतं ते त्यानी लगेच बंद करी टाकतं." मग साहेबांचा चेहरा पाहून त्याला दया आली. "मना मेहुना शे, चिंधा. पलसाणाले डाइंग मिलमा शे. हायवे सोडा का तठे नुस्ता ऊस. चढ नही, उतार नही, वळखीनं कुत्रं नही." पुढच्या रविवारी उकिडवे एस.टी.नं पलसाण्याच्या चौकात उतरले. चिंधानं, रात्रपाळी करून आलेल्या तांबारलेल्या डोळ्यांनी, हात लांब करून वेलणपोरची वाट दाखवली, विचारलं, "कोनाकडे जाना शे?" "कुणाकडेच नाही. नुसतं चालून यायचं." चिंधानं वाट दाखवणारा हात खाली घेतला, जणू चुकीच्या माणसाला दाखवली, आणि तो झोपायला गेला.

वेलणपोर हे गाव इतकं सपाट होतं की चेंडू ठेवला तर तो संध्याकाळीही तिथेच मिळाला असता. उकिडव्यांनी जुन्या डायरीत, बँकेच्या परिपत्रकाच्या वळणावर, वाटांची नोंद केली. मार्ग क्रमांक एक: तळ्याभोवती. वेळ पंचवीस मिनिटं. चढ: नाही. धोका: म्हैस. मार्ग क्रमांक दोन: कालव्याच्या काठानं आंबावाडीपर्यंत. चढ: नाही. धोका: मोर, पण तो स्वतःच घाबरतो. मार्ग क्रमांक तीन: गावात शिरून, शेवटच्या घरावरून, उसाच्या मधल्या गाडीवाटेनं थेट हायवेवर. चढ: नाही. धोका या रकान्यात त्यांनी तेव्हा काहीच लिहिलं नव्हतं. उसातून चालताना वारा नसला की भयंकर शांतता असे आणि त्या शांततेत स्वतःचा श्वास ऐकू येई. हल्ली ते तो परक्या माणसासारखा ऐकत: रडतोय का हा? नाही, चालतोय. मग बरं वाटे. वडील असे चालत. टपाल खात्यात होते, नंदुरबारला. बायकापोरांच्या वीस पावलं पुढे, मागे न बघता, हात पाठीशी बांधून. त्यामुळे लहानपणी उकिडव्यांनी वडिलांचा चेहरा कमी आणि बोटं जास्त पाहिली होती. वडिलांना निसर्ग आवडत नसे. झाडाखाली उभे राहिले तरी ते झाडाला कार्यालयीन वेळ विचारतील असे दिसत. आपल्यालाही आवडत नाही, हे उकिडव्यांना मार्ग क्रमांक दोनवर, बगळ्यांकडे बघताना, स्पष्ट कळलं. पण बगळ्यांना लॉकर नव्हते.

मार्ग क्रमांक तीनवरचं शेवटचं घर डाहीबांचं. पंचाहत्तरीची, एकटी, पांढऱ्या साडीतली म्हातारी. घराला ओटला, ओटल्यापुढे एक म्हैस. पहिल्या रविवारी तिनं विचारलं, "क्यां चाल्या, भाई?" "फरवा," उकिडवे म्हणाले. "फरवा? अहीं?" तिनं ऊस, म्हैस आणि आकाश यांच्याकडे क्रमानं पाहिलं, फिरण्याजोगं यांत आपल्याला न दिसलेलं काही आहे का ते तपासलं, आणि मग पाण्याचा पेला दिला. पाणी पिऊन निघताना उकिडवे सवयीनं म्हणाले, "आवुं छुं हं, बा," आणि उसात शिरून हायवेला लागले, एस.टी. धरून घरी आले. पुढच्या रविवारी ती म्हणाली, "आवी गया?" ती हे अशा सुरात म्हणाली की जणू ते अर्ध्या तासापूर्वी गेले होते. यावेळी चहा होता, बशीत ओतून. उकिडव्यांना वाटलं, काय हे अगत्य. निघताना म्हणाले, "आवुं छुं हं." असे सहा रविवार.

घरातून निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं, हे त्यांच्या जिभेला आईनं शिकवलं होतं, इतक्या लहानपणी की ती जीभ कधी शिकली हे तिलाही आठवत नव्हतं. वडील मात्र बुद्धिवादी होते. टपाल खात्यातला जो कोणी थोडं इंग्रजी वाचायचा तो त्या काळी बुद्धिवादी असायचा. ते चप्पल घालत आणि आईच्या नाकावर टिच्चून "जातो!" म्हणत. आई कानांवर हात ठेवी. तीस वर्षं रोज "जातो" म्हणून गेले आणि रोज साडेसहाला परत आले. एके दिवशी घरात आईचे मामा बसले होते, त्यांच्यापुढे वाद नको म्हणून वडील हळूच "येतो" म्हणाले आणि त्या दिवशी टपाल कचेरीच्या पायरीवरच गेले. या घटनेवरून नेमका काय बोध घ्यायचा हे उकिडव्यांना आजवर कळलेलं नव्हतं. आईला मात्र लगेच कळलं होतं. ती म्हणाली, त्यांनी मनापासून म्हटलं नसेल.

सहाव्या रविवारी हायवेच्या तोंडाशी बन्सीलाल भेटला. बन्सीलाल गावातला दुकानदार, डाहीबांचा शेजारी, बीडकाडीपासून पत्राच्या पाकिटापर्यंत सगळं विकणारा. तो हसत म्हणाला, "केम छो, आवुंछुंभाई!" उकिडव्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "तमने ज," बन्सीलाल म्हणाला. "गावात तुमचं हेच नाव आहे. आवुंछुंभाई." आणि मग त्यानं, हसणं थोडं कमी करत, सांगितलं ते असं. साहेब दर रविवारी "आवुं छुं" म्हणून उसात शिरतात आणि येत नाहीत. गुजरातीत "आवुं छुं" म्हणजे मी आत्ता येतो, जरा थांबा. डाहीबा थांबतात. दिवे लागेपर्यंत ओटला सोडत नाहीत. रविवारी त्या नवसारीला मुलीकडे जायच्या, सहा रविवार गेल्या नाहीत. मुलगी रुसली आहे. आणि येत्या रविवारी तिथे नातीचं सीमंत आहे, म्हणजे तुमच्याकडे ते डोहाळजेवण म्हणतात ते. खोळा, म्हणजे ओटी, डाहीबांनीच भरायची. आणि त्या म्हणतात, मी कशी जाऊ, मेहमान आवुं छुं कहीने गया छे. "अहो पण," उकिडवे म्हणाले, "सहा वेळा आलो नाही, तरी?" "में पण ए ज कह्युं," बन्सीलाल म्हणाला. "डोशी कहे छे, जे माणस बस करीने चालवा आवे, एनुं कंई कहेवाय नहि. ए गमे तारे आवे." म्हणजे, बस करून चालायला येणाऱ्या माणसाचा काय नेम, तो केव्हाही येईल.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसल्यावर उकिडव्यांच्या कपाळाला घाम फुटला. आणि हा घाम चढामुळे आलेला नव्हता. बावीस वर्षं. बावीस वर्षं ते या शहरात दर माणसाला, दर उंबऱ्यावर, "आवुं छुं" म्हणून आले होते. सुरतेनं त्यांचं "मारो"-"मारी" सुधारलं, "ळ" ठोकून सरळ केला, पण हे कोणी सुधारलं नव्हतं. एखादा माणूस परत येतो म्हणत असेल तर त्याची भाषा कोण सुधारणार? थांबतात. त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक दार उघडू लागलं आणि प्रत्येक दारात कोणीतरी उभं होतं. रांदेरची पारशीण, जिच्याकडे ते एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरला फॉर्मवर सही घ्यायला गेले होते. ती पेन हातात धरून अजून तशीच. पहिला घरमालक, ज्याला ते सामान टेम्पोत भरल्यावर "आवुं छुं" म्हणाले होते. त्यानं खोली पुन्हा भाड्यानं दिली असेल का? झांपाबाजारचा शिंपी, पट्टी गळ्यात घालून. गोपीपुऱ्यातला भाजीवाला, ज्याच्याकडे कोथिंबीर न आवडून "आवुं छुं" म्हटलं होतं आणि दुसरीकडून घेतली होती. आणि भगवानदास, बँकेत शेजारच्या टेबलावरचे, इस्पितळात, नाकात नळी. त्यांचा हात थोपटून उकिडवे "आवुं छुं" म्हणाले होते. भगवानदासांनी दाराकडे मान वळवली होती ती तशीच ठेवली होती. तेव्हा वाटलं होतं, वाऱ्यासाठी. त्या रात्री ते गेले. उकिडव्यांनी खिडकीची काच वर केली. ऊस मागे मागे पळत होता, आणि बांधावरचं प्रत्येक माणूस कोणाची तरी वाट बघत असल्यासारखं उभं होतं. कदाचित त्यांना फक्त बस हवी असेल.

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता," मंगला म्हणाली. "मीपण खालच्या चंचलबेनला रोज 'आवुं छुं' म्हणते. कधी काही बोलल्या का?" तिनं जिन्याकडे पाहिलं. "म्हणूनच दार लावत नाहीत की काय त्या? मला वाटायचं, हवा लागावी म्हणून." मग थोड्या वेळानं, "पण तुम्ही त्या म्हातारीकडे दर रविवारी चहा पिता हे मला नव्हतं सांगितलं." सोमवारी उकिडव्यांनी सुकलालजवळ विषय काढला, साहेब येत नाहीत, थांबू नका, असा चिंधाकरवी निरोप पाठवता येईल का म्हणून. चिंधा बुधवारी सायकलीनं जाऊन आला. डाहीबांनी त्याला विचारलं होतं, साहेब तुझ्या तोंडून येत नाही म्हणतात, स्वतःच्या तोंडून येतो म्हणतात, मी कोणाचं ऐकू? "डोकरी खरं बोलनी," सुकलाल म्हणाला. "तुम्हीन एकदाव 'जास' म्हनी टाका, साहेब. मी ते रोज म्हनस. 'जास' म्हनस नि जास. बायको म्हनस, जा." उकिडवे म्हणाले, "तुझी गोष्ट वेगळी." "काय वेगळी?" त्यांनी त्याला टपाल आणायला पाठवलं.

सीमंताच्या रविवारी ते सकाळी आठालाच वेलणपोरला पोचले. बस साडेनऊला. डाहीबा ओटल्यावर पापडी सोलत बसल्या होत्या, रोजच्या साडीत. नवसारीची गाठोडी भिंतीशी बांधून ठेवलेली होती. "आवी गया?" त्या म्हणाल्या. उकिडव्यांनी बस पकडण्याच्या घाईनं बोलायला सुरुवात केली, घरी दोनदा पाठ केलेल्या गुजरातीत.

"बा, अमारामां जतां जतां 'आवुं छुं' कहेवाय. 'जाउं छुं' न कहेवाय."

"केम न कहेवाय?"

"अपशुकन."

"एटले तमे जाव छो, पण कहो छो के आवो छो."

"हा."

"ने साचेसाच आववाना होय तारे शुं कहो?"

खरोखर यायचं असेल तेव्हा काय म्हणता, हा प्रश्न उकिडव्यांनी पाठ केला नव्हता. "तारे पण," ते म्हणाले, "आवुं छुं."

डाहीबांनी शेंग हातात धरली आणि सोलली नाही. "तो घरमां खबर केम पडे, कोण आवे छे ने कोण जाय छे?"

मंगलाला इतकी वर्षं कसं कळत होतं? आईला तीस वर्षं कसं कळत होतं, आणि मग एके दिवशी कसं कळलं नाही? त्यांनी खरोखर विचार केला. "राह जोईए," ते म्हणाले. वाट बघतो.

"राह तो में बी जोई," डाहीबा म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. शेंग सोलून त्यांनी दाणे टोपलीत टाकले. "तो कही दो. एक वार. 'जाउं छुं.' पछी हुं छूटी."

एवढंच होतं. दोन शब्द, त्यातला एक तर "छुं". मोबदल्यात नवसारीला एका मुलीचा खोळा भरला जाणार होता. उकिडव्यांनी तोंड उघडलं. "जा," ते म्हणाले. पुढचं "उं" वर येईना. ते घशाच्या तळाशी कुठेतरी होतं आणि मधे जिने होते. त्यांना वडिलांची पाठीशी बांधलेली बोटं दिसली. त्यांना वाटलं, मूर्खपणा आहे; मग वाटलं, वडिलांनाही तीस वर्षं हेच वाटलं होतं. "जा," ते पुन्हा म्हणाले आणि या वेळी धाप लागली, अगदी सपाट ओटल्यावर, बसल्या जागी. डाहीबा त्यांच्याकडे नीट बघत होत्या. तेवढ्यात बन्सीलाल लुना घेऊन आला, चौकापर्यंत सोडायला, आणि हॉर्न न थांबवता ओरडला, "चालो बा! बस जती रहेशे! आवुंछुंभाई, जवा दो एने!" "एक मिनिट," उकिडवे म्हणाले, "जा, जा..." "कोने काढो छो?" बन्सीलाल म्हणाला. "मने के डोशीने?"

"रहेवा दो, भाई," डाहीबा म्हणाल्या. त्यांनी पाणी आणून दिलं आणि ते पीत असेपर्यंत आत जाऊन आल्या, तेव्हा हिरव्या काठाची साडी नेसलेल्या होत्या. पापडीची टोपली आत ठेवली होती. गाठोडी उचलली. "तमे बेसो. घर उघाडुं छे. भेंसने बपोरे पाणी देखाडजो." मग त्या ओटला उतरल्या, लुनावर एका बाजूनं बसल्या, गाठोडी मांडीवर घेतली, पदर सावरला. लुना सुरू झाली. गाडीवाटेच्या वळणावर त्यांनी मान वळवली, उकिडव्यांकडे पाहिलं आणि स्पष्ट, दोन्ही शब्द नीट वेगळे करून म्हणाल्या, "आवुं छुं."

उसात लुनाचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला, कारण मधे चढ नव्हता. मग तो थांबला, म्हणजे बस मिळाली असावी. उकिडवे ओटल्यावर बसले होते. आता त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती. डाहीबा ते कुठल्या भाषेत म्हणाल्या? गुजरातीत म्हणाल्या असतील तर खोळा भरून, गोड खाऊन, दुपारच्या बसनं परत येतील. मराठीत म्हणाल्या असतील, आणि आता त्यांना मराठी येत होतं, ते उकिडव्यांनीच शिकवलं होतं, तर त्या गेल्या. लेकीकडच्या सहा रविवारांची भरपाई एकदम करून घेतील. चार दिवसही राहतील. चेहऱ्यावरून काही कळलं नव्हतं. त्यांनी पुन्हा पुन्हा तो चेहरा आठवून पाहिला. ओठांच्या कोपऱ्यावर काहीतरी हललं होतं, पण लुना खड्ड्यातून गेली होती. सुरतेची शेवटची एस.टी. सहाला होती. घर उघडं होतं. मंगलाला ते सकाळी "येतो" म्हणाले होते.

म्हैस त्यांच्याकडे बघत होती. बाराला त्यांनी तिला पाणी दाखवलं. तिनं ते मान्य केलं. एक वाजता भूक लागली. आत गेले तर चुलीशी पितळी झाकलेली होती. उचलली. वांग्याची भाजी आणि दोन रोटले. उकिडवे बराच वेळ त्या दोन रोटल्यांकडे बघत उभे राहिले. भुकेल्या एका माणसाला दोन लागतात. दोन माणसं असतील तर एकेक. भाजीवरूनही काही कळेना. शेवटी त्यांनी एक खाल्ला, दुसरा पितळीखाली झाकून ठेवला, हात धुतले आणि बाहेर येऊन, गाडीवाट नीट दिसेल अशा बाजूला, ओटल्यावर बसले.